तोच गेम, परत पैसे, आणि माझं फिरलेलं डोकं

आज पोस्ट लांब होणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक ठोकून पुढे जा, मी रागावणार नाही. रागवायचा कोटा आज संपलाय.

सकाळी बाबांना घेऊन एका मुंजीला गेले होते. पंगतीत शेजारी मामेबहिणीचा मुलगा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हुशार आहे, नाही असं नाही. बाबांनी मोठ्या उत्साहाने त्याला सांगितलं, "अरे, मी परत स्ट्राँगहोल्ड खेळायला लागलोय. नवीन आवृत्ती आलीय, काय सुरेख दिसते!" तर हे रत्न मठ्ठ्याचा घोट घेत म्हणतं कसं, "आजोबा, तोच गेम परत विकत घेतलात? नुसते ग्राफिक्स बदलतात हो ते. फसवलं की तुम्हाला." पंगत हसली. बाबाही हसले. पण ते हसू माझ्या ओळखीचं आहे आणि मला ते अजिबात आवडत नाही.

मुंजीच्या घरी वाद नको म्हणून तिथे जिलबीसकट सगळं गिळलं. इथे नाही गिळणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्ट्राँगहोल्ड हा 2001 चा गेम. लंडनच्या फायरफ्लाय स्टुडिओजचा. मध्ययुगीन युरोप, तुम्ही सरदार, किल्ला बांधायचा, माणसं पोसायची, शत्रू आला तर तटावरून उकळतं तेल ओतायचं. पुढच्याच वर्षी त्याचं वाळवंटातलं भावंड आलं, क्रुसेडर. त्यात सलादिन, सिंहहृदयी रिचर्ड वगैरे मंडळी. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांची दहावी-बारावी या दोघांनी खाल्ली.

आमच्या घरी मात्र हा गेम बाबांनी खेळला.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. 2002 साली कर्वेनगरच्या घरात असेंबल्ड पीसी आला, दादाच्या अभ्यासासाठी (हसू नका). पासोड्या विठोबापाशी जाऊन दादाने गेमची सीडी आणली. बिलाबिलाचं विचारू नका, 2002 चं पुणं होतं. दादा लढाया करायचा. एका रविवारी बाबा मागे उभे राहून बघत होते आणि एकदम म्हणाले, "हे तटावर एवढे लोक उभे केलेस, यांच्या खाण्याचं काय?" दादा म्हणाला, धान्याचं कोठार आहे ना. "त्यात आहे किती?" दादाला माहीत नव्हतं. झालं. बाबांनी खुर्ची ओढली ती सुटलीच नाही.

त्या गेममध्ये लढाई न करता नुसता किल्ला चालवायचीही सोय होती. फ्री बिल्ड. बाबांनी तीच धरली. गहू पेरायचा, तो साठ्याच्या आवारात आणायचा, तिथून चक्कीवर, पीठ परत आवारात, तिथून भटारखान्यात, आणि मग पाव कोठारात. प्रत्येक टप्प्याला एक माणूस आणि तो माणूस खरोखर चालत जातो. चक्की लांब बांधलीत तर त्याचा दिवस रस्त्यातच जातो. बाबा कागदावर आकृती काढायचे, कुठली इमारत कुठे म्हणजे खेप वाचेल. आई म्हणायची ऑफिस संपलं नाही का. ते म्हणायचे, "ऑफिसात माझं कोण ऐकतं?"

एकदा बाबा कामावर असताना दादाने त्यांचा किल्ला उघडला आणि सगळ्यांना दुप्पट शिधा सुरू केला, वर कर माफ. लोक खूश, लोकप्रियता शंभर. संध्याकाळी बाबा आले तोवर कोठार झाडून स्वच्छ. शिधा बंद, लोकप्रियता पन्नासच्या खाली घसरलेली आणि माणसं गाठोडी उचलून चाललेली. बाबा इतके संतापले की मी कधी बघितले नव्हते. "साठा न बघता वाटप कुणी केलं?" हे वाक्य आमच्या घरात आजही चालतं, लग्नकार्यात तर फारच. आणि मग त्यांनी जुनी सेव्ह (आधी साठवून ठेवलेला डाव) उघडली नाही! तोच उजाड किल्ला घेऊन बसले. अर्धा शिधा, कर शून्य, चार सफरचंदाच्या बागा, आणि हळूहळू परत उभा केला. मी शेजारी स्टुलावर बसून बघत होते. अर्थव्यवस्था हा विषय मला कॉलेजात कुणी शिकवला असं वाटत असेल तर तो गैरसमज आहे.

तर आता मुद्दा. "नुसते ग्राफिक्स बदलतात."

अरे, नुसते म्हणजे काय? जुन्या गेमचं चित्र त्या काळच्या चौकोनी मॉनिटरच्या मापाचं. नव्या रुंद पडद्यावर ते ताणून बघा, सगळे सरदार गलेलठ्ठ. 2012 साली एचडी आवृत्ती आली, मी हौसेने बाबांना घालून दिली. तिने काय केलं, तर खिडकी मोठी केली. नकाशा जास्त दिसतो, पण माणसं तीच, तेवढ्याच ठिपक्यांची. लॅपटॉपवर मुंग्या. बाबांना तेव्हाच मोतीबिंदूची सुरुवात होती. नाक स्क्रीनला टेकवून त्यांनी थोडे दिवस प्रयत्न केला, मग "डोळे दुखतात गं" म्हणून सोडून दिलं आणि पत्त्यांचा सॉलिटेअर लावत बसले. माझ्या डोळ्यांसमोर एक सरदार पेन्शनर झाला.

2023 च्या नोव्हेंबरमध्ये डेफिनिटिव्ह एडिशन आली. यात चित्रं नव्याने काढलीत. माणूस, बैल, चक्की, तटाचा दगड, सगळं परत. आणि तरी ते थ्रीडीच्या नादाला लागले नाहीत, तोच तिरका, वरून बघितल्यासारखा किल्ला ठेवला. बाबांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं तोवर झाली होती. मी मोठा मॉनिटर लावला, गेम सुरू केला. कोण काय उचलून चाललंय ते त्यांना दिसत होतं. लगेच म्हणाले, "अगं, हा रिकामा परत चाललाय. चक्कीत गहू नाही." बस. एवढ्या वर्षांनी पहिलं वाक्य हे.

त्या मुलाला हे "नुसते ग्राफिक्स" म्हणजे काय ते चाळिशीनंतर चष्मा लागला की कळेल.

आणि "तोच" गेम असेल तर बिघडलं कुठे? ज्या घरची मुंज होती त्याच घरातले लोक गेल्या महिन्यात भरत नाट्य मंदिरात संगीत सौभद्र बघून आले. 1882 चं नाटक. सुभद्रा तीच, अर्जुन तोच, शेवट सगळ्यांना पाठ. नवे नट, नवे पडदे, नवीन तिकीट. तिथे कुणी म्हणालं का, की किर्लोस्करांनी फसवलं? उलट फोटो टाकून झाले, मी लाइकही केले.

हां, एक मान्य करते. नव्या गेमपेक्षा जुना घासूनपुसून विकणं कंपन्यांना सोपं जातं, धोका कमी. आणि काही वेळा निव्वळ लूट असते, हेही खरं.

किंबहुना राग तिथे काढा ना! 2020 च्या जानेवारीत वॉरक्राफ्ट थ्री या दुसऱ्या एका जुन्या गेमची रीफोर्ज्ड आवृत्ती आली. आधी जे दाखवलं होतं त्यातलं बरंचसं आलंच नाही, आणि ज्यांच्याकडे जुना गेम सुखाने चालत होता त्यांचंही ऑनलाइन खेळणं नव्यावर ढकलून दिलं. लोक इतके भडकले की कंपनीला पैसे परत करायची वेळ आली. 2021 मध्ये जीटीएच्या (ग्रँड थेफ्ट ऑटो) तीन जुन्या गेमचं तेच. नवे आणताना जुने दुकानातून काढून टाकले, बोंबाबोंब झाल्यावर पीसीवाल्यांसाठी परत ठेवले. याला म्हणतात फसवणूक. माझ्या घरात घुसून माझी जुनी वस्तू उचलून न्यायची आणि वर नवी घ्या म्हणायचं? नवा वाडा बांधा, खुशाल बांधा, पण जुन्याला हात लावायचा नाही. माझी अट एवढीच आहे. जुना विकत मिळत राहिला पाहिजे आणि नव्यात खेळाची चाल बदलायची नाही. पाव बनायला जेवढा वेळ लागत होता तेवढाच लागला पाहिजे. आजकालच्या मोबाइल गेमसारखं "लवकर हवं? इतके रुपये टाका" असलं बटण बाबांच्या भटारखान्यावर दिसलं असतं तर मी स्वतः लंडनला पत्र लिहिलं असतं, इंग्रजीत, बाबांकडून मसुदा करून घेऊन.

(नव्या स्ट्राँगहोल्डमधली माणसं अजूनही भलत्याच रस्त्याने जातात आणि तटावर अडकतात. तेही जुनं जपलंय म्हणायचं. असो.)

आणि परत आणण्याने गेम जिवंत राहतो हे त्या रत्नाच्या लक्षात येत नाही. एज ऑफ एम्पायर्स टू 1999 चा. 2013 ला एचडी, 2019 ला डेफिनिटिव्ह. त्यामुळेच 2022 मध्ये त्यात हिंदुस्थानवर स्वतंत्र भर पडली, आधीचे सगळे "इंडियन्स" एका पोत्यात भरलेले होते ते सोडवून द्रविड, बंगाली, गुर्जर असे वेगळे झाले. तेवीस वर्षांच्या जुन्या गेममध्ये! बंद कपाटात पडून राहिला असता तर कोण हात लावणार होतं?

आता तुमच्यातले काही म्हणणार, मग मराठे कुठेत? त्या गेममधला काळ साधारण 1600 च्या आसपास संपतो, हे उत्तर मला माहितीये, देऊ नका. माझा प्रश्न वेगळा आहे. आपल्या किल्ल्यांचा असा गेम का नाही?

दादाच्या किल्ल्याचा तट एकदा शत्रूच्या सुरुंगवाल्यांनी खालून पोखरून पाडला. बाबा मागून म्हणाले, "चाकणला हेच झालं." 1660, शाइस्ताखानाचा वेढा, आत फिरंगोजी नरसाळा मूठभर माणसं घेऊन. जवळजवळ दोन महिने खानाला दाद दिली नाही, शेवटी बुरुजाखाली भुयार खणून दारू ठासली आणि बुरूज उडवला. पुढच्या रविवारी बाबा आम्हाला एसटीने चाकणला घेऊन गेले, संग्रामदुर्ग दाखवायला. पडका तट आणि गवत. दादा तिथे उभा राहून बराच वेळ जमिनीकडे बघत होता, भुयार कुठून आलं असेल म्हणून. एका इंग्रजी गेममुळे आम्ही चाकणला गेलो, शाळेच्या सहलीतून कधी नेलं नव्हतं.

आणि सह्याद्रीत गेम करायला काय नाहीये हो! रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सरळ सांगितलंय, आधी पाणी बघा आणि मग गड बांधा. म्हणजे पहिली चाल टाक्याची. टाकं खोदायचं, त्यातून निघालेला दगड तटाला लावायचा. दोन कामं एका घावात, स्ट्राँगहोल्डमध्ये बिचारा बैल खाणीतून दगड ओढत बसतो. पावसाळ्यात वाटा बंद, म्हणून आधीच बेगमी. दरवाजा दोन बुरुजांच्या आड असा वळवून घ्यायचा की समोरून दिसूच नये. राजगडाची संजीवनी माची, एका तटाच्या आत दुसरा तट. आणि माणसं नेमायची: हवालदार, सबनीस, कारखानीस. तिघांचे हात वेगवेगळ्या चाव्यांवर, एकट्याला काही करता येऊ नये म्हणून. यात कारखानिसाकडे कोठारं. माझ्या बाबांची नेमणूक मी आत्ताच जाहीर करते.

या शहरात निम्मं पब्लिक सॉफ्टवेअरमध्ये आहे. दर शनिवारी सिंहगडावर गाड्यांची रांग असते. दर दिवाळीत आपली पोरं मातीचा किल्ला करून त्यावर हळीव पेरतात. आणि गेम काढायचा म्हटला की नुसत्या तलवारी, नुसत्या घोषणा, रक्ताचे फवारे. कोठार कुणालाच नको. पैसे कोण लावणार वगैरे मला सांगू नका. खरं असेलही, पण आज ऐकून घ्यायचा मूड नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. पोरगा वाईट नाही. त्याला त्याच्या वयात परत विकत घ्यावंसं वाटेल असं अजून काही जुनंच झालं नाहीये, त्याला तो तरी काय करणार. निघताना बाबांच्या पाया पडला, आणि बाबांनी त्याला काय विचारलं माहितीये? "तू खेळतोस त्यात धान्य लागतं का रे?" तो म्हणाला नाही, त्यात फक्त शूट करायचं असतं. "मग ते सैनिक खातात काय?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. दादाकडेही नव्हतं तेव्हा.

तर, ज्यांच्याकडे क्रुसेडरची नवी आवृत्ती आहे, 2025 च्या जुलैत आलेली, त्यांनी खाली हात वर करा. शनिवारी रात्री ऑनलाइन बसू. बाबा लढाईत येणार नाहीत, त्यांना भांडणं आवडत नाहीत, पण मागे खुर्ची टाकून बसतील आणि तुमचं कोठार बघून बोलतील. तेवढं सहन करायचं. आणि पहिली दहा मिनिटं कुणी हल्ला करायचा नाही, मला चक्की लावायला वेळ लागतो.