वाईत अजिबात थांबू नका

सुरूर फाट्याला गाडी वळवलीत की मनाशी एकच गोष्ट पक्की करा, वाईत उतरायचं नाही. वर महाबळेश्वरात क्रीम घातलेली स्ट्रॉबेरी आणि घोडे ताटकळलेले असताना खाली कृष्णेच्या घाटावर कसला वेळ घालवताय!

आजी हट्टालाच पेटली, तर ढोल्या गणपतीसमोर पाच मिनिटं द्या. सेल्फी घ्या, निघा. देवळाच्या मागे तेवढं जाऊ नका. तिथली भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी आदळलं की दुभागून जावं म्हणून. १७६२ साली रास्त्यांनी हे देऊळ बांधलं, तेही नदीचा स्वभाव ओळखून. आपण पूररेषेच्या आत प्लॉट घेणारी माणसं. असल्या भिंती बघून उगाच जिवाला घोर.

मेणवलीला जायलाच लागलं, तर 'शूटिंग कुठं झालं?' एवढंच विचारा. कुणी नाना फडणवीसांचं नाव घेतलं, तर ते कोणत्या पिक्चरमध्ये होते याची चौकशी करा. वाडा बाहेरून पुरे. आणि घाटावरच्या घंटेकडे मान वर करून बघू नका, पोरांना तर मुळीच दाखवू नका. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तिथली ही पोर्तुगीज घंटा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि ती टांगलीय मेणेश्वर महादेवाच्या शेजारी. शत्रूची वस्तू आणायची, देवळापाशी लावायची आणि वरची मेरी खरवडून काढायचं कुणाच्या डोक्यातही येऊ नये, म्हणजे काय म्हणावं त्या लोकांना? पोरं प्रश्न विचारतील. उत्तर देताना तुमचीच पंचाईत व्हायची.

विश्वकोशाचं तर नावच काढू नका. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी या गावात बसून मराठीत जगभरचं ज्ञान गोळा करत होते. पहिला खंड १९७६ साली आला. नोंद छापण्याआधी तपासून घ्यायची खोड, मग वेळ लागणारच. तुमच्या फॅमिली ग्रुपवर हेच काम दोन मिनिटांत होतं.

आम्हा वाईकरांचं वाईट वाटून घेऊ नका. आम्हाला सवय आहे. हिवाळ्यात कृष्णाबाईचा उत्सव एकेका घाटावर होतो, तेव्हा तुमच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे जातात, तेही आम्ही गोड मानून घेतो.

पसरणी घाटात मात्र जरूर थांबा. भर वळणावरच थांबा, मागच्या एसटीला पाच मिनिटं उशीर झाला तर बिघडत नाही. खाली वाई दिसेल, फोटो झकास येतो. त्याखाली 'महाबळेश्वर' लिहा. लाइक जास्त पडतात.