बहावा फुलला की ४५ दिवसांत पाऊस? कधीपासून मोजायचे ते तरी सांगा

एप्रिल लागला की फॅमिली ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो, पिवळ्याधमक बहाव्याचा फोटो आणि खाली लिहिलेलं की हा फुलला की बरोब्बर ४५ दिवसांनी पाऊस, हवामान खातं चुकेल पण झाड चुकत नाही, जुन्या काळचा ज्योतिषी वराहमिहिर याने लिहून ठेवलंय, म्हणूनच इंग्रज त्याला गोल्डन शॉवर म्हणतात, शिवाय शेंगेतला मगज, म्हणजे गर, कितीही खा अपाय नाही आणि बिया नुसत्या फेकल्या तरी उगवतात. यंदा काकांनी पाठवला. तिथे गप्प बसलो, इथे लिहितो.

आधी ते ४५ दिवस. आमच्या सोसायटीत दोन बहावे आहेत, एकाच खेपेला आणलेली रोपं, मध्ये फक्त पार्किंग. गेटजवळचा पाडव्याच्या आसपास फुलतो आणि टाकीजवळचा अक्षय तृतीया आली तरी ढिम्म. मग गेटवाल्यांकडे पाऊस महिनाभर आधी येणार का? बरं, मुंबईत मान्सून २०२३ला २५ जूनला पोचला आणि २०२५ला २६ मेला. उलटं मोजा, म्हणजे एका वर्षी बहावा ११ मेला फुलायला हवा आणि दुसऱ्या वर्षी ११ एप्रिलला. असं होत नाही हो. तो साधारण एप्रिल-मेमध्ये फुलतो, पाऊस साधारण जूनमध्ये येतो, मध्ये दीडेक महिना पडणारच, त्यात भविष्य कसलं. केरळात तर विशूच्या सणाला, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, हीच फुलं लागतात आणि कित्येकदा झाड त्याच्याही आधीच फुलून मोकळं झालेलं असतं, पाऊस मात्र १ जूनच्या आगेमागेच.

आता खरं ते खरं, आकडा अगदीच हवेतला नाही. सौराष्ट्रात भडलीची वचनं, म्हणजे पावसाचे जुने लोकआडाखे, चालतात आणि तिकडच्या कृषी अभ्यासकांनी असे आडाखे नोंदी ठेवून तपासलेत, पण ते मोजतात पूर्ण बहरापासून आणि तेही त्यांच्या भागापुरतं. आपण पहिला घोस दिसला की फोटो काढून मोकळे. गंमत म्हणून ठीक आहे, पण याच्यावर कुणी धूळपेरणी, म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत पेरणी, केली तर दुबार पेरणीचा खर्च मेसेजवाला देणार नाही. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावर पेरा, हा कृषी खात्याचा सल्ला कंटाळवाणा आहे पण कामाचा आहे.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कुसुमलता अध्याय आहे हे बरोबर, पण त्यात कुठल्या झाडाला भरपूर फुलं-फळं आली की कुठलं पीक चांगलं, असे ठोकताळे आहेत. आणि शॉवर हे नाव लोंबणाऱ्या घोसांवरून पडलंय, पावसाचा संबंध नाही.

मगज. पिकलेली शेंग फोडून बघा, दंडुक्यासारखी काळी, हातभर लांब, आत पातळ चकत्यांचे कप्पे, प्रत्येकात एक बी आणि चकतीला चिकटलेला काळा, डांबरासारखा गोडसर गर. आयुर्वेदातला आरग्वध तो हाच, सौम्य रेचक. रेचक म्हणजे जुलाब, "कितीही" खाल्लं तर पोटात मुरडा येऊन पाय लटपटणारच. लहान मुलं आणि गरोदर बायकांना तर वैद्याला विचारल्याशिवाय नकोच.

आणि नुसत्या फेकलेल्या बिया? मी एक पावसाळा फेकून बघितल्या, एक नाही आली. कवच दगडासारखं असतं. जंगलात कोल्हे, अस्वलं, माकडं गर खातात आणि बिया त्यांच्या पोटातून जाऊन पडतात. आपण बीची एक कड पॉलिश पेपरवर घासायची, आतलं फिकट दिसेपर्यंत, मग गरम पाण्यात टाकून रात्रभर ठेवायची, फुगली तीच पेरायची. ऊन भरपूर हवं, पाणी साचायला नको, आणि फुलं पाच-सहा वर्षांच्या आत मागू नका. पावसाळ्यात पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर फवारा काढू नका, पिवळट-पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात, पानं परत येतात.