‘पाच मिनिटांत सी ड्राइव्ह रिकामा’: या फॉरवर्डमध्ये चुकीचं काय आहे

विंडोज लॅपटॉपवर ‘लो डिस्क स्पेस’ची सूचना आली, सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली, की ग्रुपवर कुणीतरी तोच मेसेज हमखास टाकतं. टेम्प आणि प्रीफेच साफ करा, विंडोजमधला ‘विनएसएक्सएस’ नावाचा फोल्डर उडवा, प्रोग्रॅम फाइल्स कट करून डी ड्राइव्हमध्ये टाका, रजिस्ट्री क्लीनर चालवा, शेवटी डीफ्रॅग करा. यातला एकच सल्ला बरा आहे. तीन निरुपयोगी आहेत आणि उरलेल्या दोनांनी चालता लॅपटॉप दुरुस्तीला न्यावा लागतो.

बरा सल्ला टेम्पचा. इन्स्टॉलरनी आणि इतर सॉफ्टवेअरनी वापरून टाकलेल्या फाइली तिथे साठतात. वापरात असलेली फाइल विंडोज काढू देत नाही, तिथे ‘स्किप’ म्हणा. एखाद्या सॉफ्टवेअरने रीस्टार्ट मागितला असेल तर तो आधी करा, टेम्प नंतर. मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र राहून गेली आहे. डिलीट केलेल्या फाइली सहसा रीसायकल बिनमध्ये जातात, म्हणजे सी ड्राइव्हवरच राहतात. बिन रिकामी केल्याशिवाय जागा सुटत नाही.

प्रीफेचमध्ये प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून विंडोजने ठेवलेल्या फाइली असतात. त्या अगदी लहान असतात आणि त्या किती ठेवायच्या हे विंडोज स्वतःच सांभाळतं. त्या उडवल्या तर प्रोग्रॅम पुढच्या वेळी जरा सावकाश उघडतात, आणि त्याच फाइली पुन्हा तयार होतात.

आता विनएसएक्सएस. प्रॉपर्टीजमध्ये हा फोल्डर कित्येक जीबींचा दिसतो, म्हणून सगळ्यांची नजर त्याच्यावर जाते. पण तो आकडा फसवा आहे. त्यातल्या बऱ्याच फाइली ‘हार्ड लिंक’ असतात: डिस्कवर फाइल एकच, पण तिची नोंद इथेही आणि विंडोजच्या सिस्टिम32 फोल्डरमध्येही. एकाच माणसाचं नाव दोन याद्यांत असावं आणि मोजणाऱ्याने दोन माणसं धरावीत, तसं होतं. विंडोज हा फोल्डर सहजी डिलीट करू देत नाही, तर मेसेजवाले मालकी बदलून जबरदस्तीने काढायची युक्ती सांगतात. कृपा करून हे करू नका. अपडेट बंद पडतात, लॅपटॉप सुरूच न होण्याचीही वेळ येऊ शकते. त्यातला जुना माल काढायचा सरळ मार्ग आहे: स्टार्टमध्ये ‘डिस्क क्लीनअप’ शोधा, सी निवडा, ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ दाबा आणि ‘विंडोज अपडेट क्लीनअप’वर टिक करा. काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते विंडोज बघून घेतं.

प्रोग्रॅम फाइल्स कट-पेस्ट करणं तितकंच वाईट. सॉफ्टवेअरचा पत्ता रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत), शॉर्टकटमध्ये, सर्व्हिसेसमध्ये नोंदलेला असतो. फोल्डर हलला तरी पत्ता जुनाच राहतो आणि प्रोग्रॅम उघडत नाही. हलवायचेच असतील तर व्हिडिओ आणि फोटो हलवा. व्हिडिओज फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ टॅब असतो, तिथून तो अख्खा डी ड्राइव्हवर नेता येतो.

रजिस्ट्री क्लीनरने जागेत नाव घेण्यासारखा फरक पडत नाही, आणि चुकीची नोंद गेली तर नुकसान होतं. डीफ्रॅगने फाइलींचे तुकडे एकत्र येतात, जागा वाढत नाही. एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) असेल तर तो वेगासाठीही लागत नाही.

मेसेजचा खरा दोष असा की डिस्क कशाने भरली हे बघायला तो सांगतच नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज उघडा. अ‍ॅप्स किती, टेम्पररी फाइल्स किती, हे समोर दिसतं. नुकताच विंडोजचा मोठा अपग्रेड झाला असेल तर ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ कित्येक जीबी अडवून बसलेलं असतं. जुन्या आवृत्तीवर परतायची सोय म्हणून विंडोज ते साधारण 10 दिवस ठेवतं. परत जायचं नसेल तर तिथूनच काढा. हायबरनेशनची (चालू काम डिस्कवर जपून लॅपटॉप बंद करण्याची सोय) फाइलही मोठी असते, सहसा रॅमच्या 40 टक्के. म्हणजे 16 जीबी रॅमला सहा जीबींच्या वर. हायबरनेशन बंद केलं की ती जाते, पण लॅपटॉप लवकर सुरू करणारा ‘फास्ट स्टार्टअप’ही जातो.

टेम्पररी फाइल्सच्या त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ नावाचीही एक चौकट असते. तिच्यात मार्कशीटपासून पॅनकार्डच्या पीडीएफपर्यंत तुमच्याच फाइली असतात. ‘रिमूव्ह’ दाबण्याआधी तिथे टिक नाही ना, तेवढं बघा.