खुलासा : ते २१.६ कोटी लोक सीमा ओलांडणारे नाहीत

‘हवामान बदलामुळे २०५० पर्यंत २१.६ कोटी लोक परदेशांत घुसतील आणि रोग पसरवतील’ असा मेसेज फिरतोय. आकडा जागतिक बँकेच्या २०२१च्या अहवालातला आहे, अर्थ मात्र चुकीचा लावलाय. तो अंदाज स्वतःच्याच देशात घर सोडून दुसरीकडे जाणाऱ्यांचा, तोही जास्तीत जास्त. वेळीच पावलं उचलली तर तो ८० टक्क्यांपर्यंत घटू शकतो, हे मेसेजमध्ये गाळलंय.

रोगांचा आरोप तर फारच अन्यायाचा. पुरातून जीव वाचवून निघालेल्याचा क्षयाच्या गोळ्यांचा कोर्स मध्येच तुटतो, इन्सुलिन थंड ठेवायला जागा नसते, छावणीतल्या गढूळ पाण्यानं पोरांना जुलाब लागतात. आजार त्यांना वाटेत गाठतो. आणि ज्यांच्याकडे निघण्यापुरतेही पैसे नाहीत, ते तिथेच अडकतात; स्थलांतराच्या आकड्यात ते दिसतही नाहीत.