दीड इंचावर अडलेलं घोडं

नागपुरात तुम्ही प्लॉट घेतला तर लोक पेढे मागतात. सायकल घेतो म्हटलं तर कारण विचारतात. समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी ‘पेट्रोल परवडून नाही राहिलं का?’ म्हणून चौकशी केली. ऑफिसातल्या एकानं आवाज खाली आणून ‘शुगर निघाली का?’ असं विचारलं. आईनं ‘गाडी विकलीस?’ एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता देवासमोर जाऊन बसली.

माझी मागणी तशी माफक होती. रोज त्रिमूर्तीनगरातून सिव्हिल लाइन्समधल्या ऑफिसात जायचं आणि रविवारी गोरेवाड्याकडं किंवा हिंगण्याच्या पुढं झिल्पीच्या तलावाकडं निघून एखाद्या पांदणीत, म्हणजे वावरांमधल्या कच्च्या वाटेत, शिरायचं. दोन्हींसाठी मिळून सायकल मात्र एकच. दोन सायकली ठेवायला घरात जागा नाही, आणि दुसरीची किंमत घरात सांगायची माझ्यात छाती नाही.

हीच मागणी मी दुकानात सांगितली, तर तिथल्या पोराचा चेहरा पडला. ‘सर, युज एक सांगा. रोड का ऑफरोड?’

आता हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसाला विचारा. नागपूरच्या माणसानं काय सांगावं? आमच्या घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत सिमेंटचा रोड आहे. तो आजूबाजूच्या घरांपेक्षा उंच आहे, म्हणून त्याच्या दोन्ही कडांना गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, बसवलेत. गट्टूंखालची माती पावसात वाहून गेली, म्हणून काही गट्टू खाली गेले आणि काही वर राहिले. त्यापुढं पाण्याची पाइपलाइन टाकायला खणलेली नाली आहे. ती मुरूम टाकून बुजवली, मग केबलवाल्यांनी पुन्हा खणली. हे सगळं महानगरपालिकेच्या कागदावर रोड आहे. उलट झिल्पीच्या अलीकडची एक पांदण उन्हाळ्यात इतकी घट्ट आणि सपाट असते की तिच्यावर कॅरम खेळता येईल. रोड कोणता आणि ऑफरोड कोणता, ते त्या पोरानंच सांगावं.

तरीही त्यानं धीर सोडला नाही. आधी रोडबाईक दाखवली. हँडल खाली वाकलेलं, टायर २५ मिलिमीटरचं, आत हवेचा दाब १०० पीएसआयच्या आसपास, म्हणजे दगडासारखं टणक. एका बोटानं उचलता येत होती. मी दुकानाबाहेर चक्कर मारायला काढली आणि पहिल्याच वळणावर पुढचं चाक सिमेंट आणि गट्टूंच्या मधल्या फटीत जाऊन बसलं. फट अगदी २५ मिलिमीटरची होती. मापाचं इतकं काटेकोर काम आपल्याकडं क्वचितच होतं.

मग एमटीबी, म्हणजे डोंगरात चालवायची माउंटन बाइक. टायर दोन इंचांच्या वर, पुढं शॉकअप, रंग भडक केशरी. नागपुरात संत्र्याचा रंग दिला की माल खपतो असं कंपन्यांना वाटत असावं. ती फटीत अडकली नाही, मुरमावरून लोण्यातून गेल्यासारखी गेली. पण सिमेंटवर आलो की टायर घूंऽऽ करून गुरगुरायचं आणि मी पेडल दाबलं की शॉकअप आधी खाली बसायचा, मग सायकल पुढं सरकायची. म्हणजे माझी निम्मी ताकद त्याला उठाबशा काढायला लावण्यात जात होती. शिवाय स्वस्तातला स्प्रिंगचा शॉकअप एकटाच अडीच किलोच्या आसपास भरतो. तो लॉक करायची सोय असते म्हणे. लॉक करूनच चालवायचा असेल तर अडीच किलो लोखंड ऑफिसला कशाला न्यायचं, या प्रश्नावर पोरगा म्हणाला, ‘सर, लुक येतो.’

तिसरी ग्रॅव्हल, म्हणजे खडीच्या रस्त्यांसाठीची. हिचं हँडल रोडबाईकचं, टायर मधल्या जाडीचं, आणि हीच म्हणे ‘दोन्ही एकात’. किंमत लाखाच्या घरात. मी मन घट्ट करून खाली वाकून बघितलं.

‘पेडल कुठं आहेत?’

‘पेडल वेगळे घ्यावे लागतात, सर.’

‘मग ही चालवायची कशी?’

‘ते रायडरच्या चॉइसवर असतं.’

‘स्टँड?’

‘नाही येत.’

‘मडगार्ड? घंटी?’

त्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेनं लग्नात दुसऱ्यांदा जिलबी मागणाऱ्याकडं वाढपी बघतो. महागड्या सायकलींत पेडल देत नाहीत, कारण घेणाऱ्याचे बूट कुठल्या क्लिपचे आहेत ते कंपनीला ठाऊक नसतं. तर्क मला पटला. पण माझे बूट सीताबर्डीचे आहेत, त्यांना क्लिप नाही.

इथपर्यंत गोष्ट माझ्या आणि दुकानाच्या मध्ये होती. मग साळेबुवांना कुणकुण लागली. आमचे साळेबुवा सायकलींच्या ग्रुपमध्ये आहेत. म्हणजे पहाटे पाचला उठून निघतात, फुटाळ्यावर फोटो काढतात आणि तर्री पोहे खाऊन परत येतात. ‘भाऊजी, ॲल्युमिनियम घेऊन नका राहू. कार्बन घ्या. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्यानं पूर्ण केली. जवळपास पाच हजार किलोमीटर, अन् मुदत बारा दिवसांची!’

समर्थांबद्दल मलाही अभिमान आहे. पण मला शंकरनगर चौकाचा सिग्नल पार करायचा आहे. ऑफिस सात-आठ किलोमीटरवर, आणि त्यातला बराच वेळ एका पायावर उभं राहण्यात जातो. कार्बनच्या फ्रेमवर एका पायावर उभं राहणं जास्त सुखाचं असतं, असं कुणी छातीठोक सांगितलं तर मी विचार करीन.

साळेबुवांचा दुसरा आग्रह चाकांचा. ‘७०० सी नको, २९ इंची घ्या, मोठं चाक खड्ड्यात कमी पडते.’ यावर मी चार रात्री डोकं खपवलं आणि जे हाती आलं त्यानं मला हसावं की रडावं कळेना. ७०० सी आणि २९ इंच या दोन्हींची रिम एकच, ६२२ मिलिमीटरची. वर जाड टायर चढवलं की तिला २९ म्हणायचं, बारीक चढवलं की ७००. म्हणजे खरा प्रश्न चाकाचा नव्हताच. फ्रेममध्ये आणि फोर्कमध्ये, म्हणजे पुढच्या चिमट्यात, किती जाडीचं टायर मावतं, एवढाच होता. हे मी साळेबुवांना सांगितलं. ते म्हणाले, ‘तरी पण २९ घ्या.’

गिअरवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. पुढं तीन आणि मागं सात असा एकवीसचा गुणाकार दुकानदार मोठ्यानं सांगतो. त्यातले कित्येक एकमेकांसारखेच निघतात आणि नागपुरात चढ म्हणावा असा एक सेमिनरी हिल्सचा. त्यासाठी एक हलका गिअर पुरे. बाकी शहर पोळपाट आहे.

काट्यांचं मात्र तसं नाही. वावराच्या धुऱ्यावर बाभळीच्या आणि बोरीच्या फांद्या तोडून कुंपण घालतात, आणि त्यातल्या निम्म्या पांदणीत सांडतात. त्यांच्या जोडीला सराटे. कसेही पडले तरी एक काटा वर. हे सराटे अमेरिकेतही पोचलेत, तिथले सायकलवालेही त्यांच्या नावानं बोटं मोडतात. त्यावर इलाज म्हणून ट्यूबलेस टायर सांगतात. आत पांढरा चीक ओतायचा, काटा घुसला की तो भोक बुजवतो. पण हा चीक उन्हात वाळतो, आणि मे महिन्यात आमच्याकडं पारा ४५ च्या वर गेला की बाल्कनीतलं लोणचंसुद्धा आवरून घ्यावं लागतं. तेव्हा काटे वेचण्यापेक्षा चीक ओतण्याचंच काम जास्त.

आणि जुलै आला की काळी माती. आमची रेगड पाण्यानं फुगते आणि जी चिकटते ती चिकटते. टायरला चिकटते, मग टायरवरच्या मातीला माती चिकटते, मग ती मडगार्डाखाली ठासून बसते आणि चाक फिरायचं थांबतं. तुम्ही पेडल मारता, सायकल जागेवर उभी. सायकल खांद्यावर घेऊन रस्त्याला लागायचं, तर आता तिचं वजन दुप्पट झालेलं. रिमवर दाबणारे ब्रेक या चिखलात गुदमरतात, डिस्क ब्रेक मात्र चाकाच्या मधोमध असल्यानं बचावतो. म्हणजे रोजच्या ऑफिसला मडगार्ड पाहिजेच, नाहीतर पावसात पाठीवर चिखलाची शेपटी घेऊन साहेबांसमोर उभं राहावं लागतं. आणि रविवारच्या पांदणीत मडगार्ड नकोच. माझं सगळं घोडं इथं येऊन अडलं होतं.

हे मी प्रतापनगरातल्या पंक्चरवाल्या भाऊंना सांगत होतो. त्यांनी माझं तोंडी भाषण ऐकता ऐकता एक ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधले, मग हात पुसले.

‘टायर किती सांगून राहिले ते?’

‘३८ ते ४० मिलिमीटर. सिमेंटवर पळतं, मुरमावर घसरत नाही, फटीत अडकत नाही. सगळ्यांचं मत तिथंच येऊन थांबतं.’

त्यांनी भिंतीला टेकलेल्या एका काळ्या सायकलीकडं बोट केलं. दूधवाल्याची होती, सळीचे ब्रेक, मागं कॅरियर, दोन कॅन अडकवायचे आकडे. ‘वाचा.’

टायरवर उमटलेलं होतं: २८ × १ १/२. दीड इंच. मी मोबाइलवर गुणाकार केला. ३८ मिलिमीटर.

मला कॅलिफोर्नियातली ती पोरं आठवली. १९७० च्या दशकात मरीन काउंटीत त्यांनी भंगारातून जुन्या, जाड टायरच्या सायकली उचलल्या आणि डोंगरावरून खाली सोडल्या. उतारावर मागच्या चाकातल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर निघायचा, खाली पोचलं की ते पुन्हा भरावं लागायचं. त्या खटाटोपातून माउंटन बाइक जन्माला आली, जगभर कंपन्या निघाल्या. काटोल रोडवरचा गवळी पिढ्यान् पिढ्या असल्याच जुन्या वळणाच्या सायकलीवर, वीस किलोचं लोखंड आणि वर दोन कॅन दूध घेऊन, पहाटे पांदणीतून निघून धरमपेठेत उतरत होता. त्याला कुणी युज विचारला नाही.

‘मग मीही हीच घेतो,’ मी भावनेच्या भरात म्हणालो.

‘घ्या ना. तिसऱ्या माळ्यावर न्याल कशी?’

एवढ्या सल्लागारांत हे विचारणारे ते पहिलेच. पुढं त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. वालट्यूबवाला वॉल्व्ह चालेल, मोटारीचा चालेल, पण ती बारीक पेन्सिलीच्या टोकासारखी फ्रेंच निब असेल तर तिचा जोड खिशात ठेवा, नाहीतर कळमेश्वरपर्यंत हवा भरणारा भेटायचा नाही. आणि मडगार्ड असं घ्या की हातानं काढता येईल. रविवारी काढा, सोमवारी बसवा, त्यात काय एवढं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो आणि पोराला ब्रँड विचारला नाही. गुडघ्यावर बसून फ्रेमला भोकं किती ते मोजलं. कॅरियरची, मडगार्डची, बाटलीची. फोर्कमध्ये बोट घालून ४५ चं टायर मावेल का ते पाहिलं. शेवटी घेतली ती साध्या सरळ हँडलची, बिनशॉकअपची, डिस्क ब्रेकची हायब्रिड, म्हणजे रोडबाईक आणि एमटीबीच्या मधली, ४० चं टायर घातलेली. पेडलसकट. पोरानं दुःखी मनानं घंटी फुकट दिली. चेनकव्हर मात्र कुठल्याच नव्या सायकलीला मिळेना, म्हणून उजव्या पँटीला रबरबँड लावतो.

आईनं कुंकू लावलं, दोन्ही चाकांखाली लिंबू ठेवलं. ४० मिलिमीटरच्या टायरखाली लिंबू व्यवस्थित फुटतं, हेही नोंदवून ठेवतो. साळेबुवांनी वजन करून बघितलं आणि काही बोलले नाहीत.

रविवारी बेत ठरला. मेट्रोत सायकल नेता येते, तेव्हा लोकमान्यनगर स्टेशनपर्यंत ॲक्वा लाइननं जायचं, हिंगणा रोडची गर्दी टाळायची आणि तिथून पुढं झिल्पी. पहाटे सायकल मागच्या चाकावर उभी करून लिफ्टमध्ये घातली. हँडल माझ्या हनुवटीखाली, पुढचं चाक छताला. दार बंद होणार तेवढ्यात समोरचे काका दुधाची पिशवी आणायला आत शिरले आणि चाकाखालून डोकं काढून उभे राहिले.

‘मेट्रोनं जाऊन राहिले म्हणता?’

‘हो, काका. लोकमान्यनगरपर्यंत.’

‘अन् खाली लिफ्टनं.’

‘हो.’

काकांनी तळमजल्याचं बटण दाबलं. ‘मग चालवता केव्हा, बाप्पा?’