हात मोडला म्हणून जीप भंगारात? त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या पावसाळ्यापासून एक मेसेज आमच्या आर्वी तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतो आहे. ‘हाड मोडलं? आधी हे वाचा, मग दवाखान्यात जा.’ मला तो अकरा जणांनी पाठवला. माझा उजवा हात गळ्यात होता आणि गोठ्यात अर्धी उघडलेली जीप उभी होती, तेव्हा माणसं काळजीनेच पाठवत होती, हे मान्य. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं : प्लास्टरने हाड कमजोर होतं, वैदूच्या पट्टीने आठ दिवसांत जुळतं. सव्वा महिना बोटसुद्धा हलवू नये. मोडलेला हात पुन्हा पाना धरत नाही. उभी गाडी सडते आणि 15 वर्षांवरची सरकार उचलून नेतंच, म्हणून मिळेल त्या भावात भंगारात द्यावी. आणि छंदापायी झालेला अपघात हा देवाचा इशारा असतो. खाली ‘दहा ग्रुपांवर पाठवा’.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे, डॉक्टर नाही. पण या मेसेजातली एकेक ओळ मी स्वतःच्या मनगटावर तपासून पाहिली आहे, म्हणून लिहितो.

आधी अपघात. जीप महिंद्राची, सीजे-थ्रीबी, उंच बॉनेटवाली, आत विलीसचं हरिकेन पेट्रोल इंजिन, 2.2 लिटरचं. आमच्याकडे विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे जूनचे पहिले तीन आठवडे माझे गोठ्यातच जातात. बॅटरी बसलेली होती. समोरून इंजिन फिरवायचं लोखंडी हॅन्डल मारलं. इंजिनाने उलटा झटका दिला आणि हॅन्डल मनगटावर आलं. वर्ध्याला एक्स-रे पाहून डॉक्टर हसले. मनगटाचं अंगठ्याकडचं टोक तुटलं होतं. म्हणाले, “सर, याचं नावच शोफर फ्रॅक्चर आहे. मोटारींना हॅन्डल मारायचे त्या काळातलं. तुमचा तर अगदी पुस्तकातला.” 1911 मध्ये चार्ल्स केटरिंगने इलेक्ट्रिक स्टार्टर तयार केला आणि 1912 च्या कॅडिलॅकमध्ये तो आला, ते याच हॅन्डलपासून सुटका म्हणून. शंभरावर वर्षं उशिरा मी ते फ्रॅक्चर कमावलं. तुकडा थोडा सरकला होता. हाडात दोन तारा घालून प्लास्टर, सहा आठवडे.

आता पहिला दावा, प्लास्टर विरुद्ध वैदू. यात एक अर्धसत्य आहे, म्हणूनच तो पटतो. प्लास्टर काढल्यावर हात खरंच वाळलेला दिसतो, स्नायू बारीक झालेले असतात, हाडही थोडं विरळ होतं. पण ते न वापरल्यामुळे होतं आणि वापर सुरू झाला की भरून येतं. प्लास्टर हाडातलं काही शोषून घेत नाही. ते फक्त तुकडा हलू देत नाही.

आठ दिवसांत हाड जुळतं, हे मात्र कोणाच्याच हातून होत नाही. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं, मग दोन-तीन आठवड्यांत मऊ सांधा धरतो, तो कडक व्हायला सहा आठवडे आणि पुढे घडण नीट व्हायला कित्येक महिने जातात. वेल्डिंगवाल्याला हे लगेच समजेल. पत्र्याला टाका मारला म्हणून कोणी त्यावर ओझं टाकत नाही. आणि पत्रा वाकडा धरून टाका मारला, तर तो वाकडाच जुळतो. हाडजोडीचा वेल खा, कॅल्शियमच्या गोळ्या खा, सरकलेला तुकडा जागेवर आणण्याचं काम यातलं काहीच करत नाही.

मग वैदूकडून माणसं बरी कशी होतात? कारण बरीचशी मोडतोड नुसती चीर असते, तुकडा सरकलेलाच नसतो. ती कामट्या बांधा, रुमाल बांधा, जुळतेच. श्रेय पट्टीला जातं. ज्यांचा कोपर वाकडा जुळला ते काही जत्रेत उभे राहून दाखवत नाहीत. मला राग येतो तो कामट्यांचा नाही, घट्ट आवळण्याचा. आत सूज वाढते, बाहेरून बांध सुटत नाही, रक्त कोंडतं. बोटं निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, दुसऱ्याने बोट सरळ केलं तरी जीव जाईल अशी कळ आली, तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच दवाखाना गाठायचा. काही तासांत स्नायू मरतात आणि हाताचा पंजा कायमचा आखडतो. हे प्लास्टरमध्येही होऊ शकतं, म्हणून प्लास्टरवाल्यानेही बोटांवर नजर ठेवायची.

आणि एक, मेसेजात नाही तरी सांगतो. आमच्याकडे खाज सुटली की प्लास्टरमध्ये सायकलचा स्पोक घालतात. घालू नका. आत जखम झाली तर ती वास येईपर्यंत कोणाला दिसत नाही.

दुसरा दावा, सव्वा महिना बोट हलवू नका. हा मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो पाळायला सोपा आहे. मला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं ते याच्या उलट : हात छातीच्या वर ठेवा, आणि जागे असाल तोवर दर तासाला बोटं हलवा. पूर्ण मूठ, मग नुसती आकड्यासारखी वाकवलेली बोटं, मग बोटं फाकवणं, मग अंगठा एकेका बोटाला टेकवणं. कोपर आणि खांदाही फिरवायचा. नाहीतर मनगट जुळतं आणि खांदा गोठतो. झोळी गळ्यात अडकवून महिनाभर हात पोटाशी धरून बसणाऱ्यांचं हेच होतं.

अर्थात बोट हलवणं वेगळं आणि जोर लावणं वेगळं. तिसऱ्या आठवड्यात दुखणं कमी झालं तशी मला अवदसा आठवली. चाकाचा नट डाव्या हाताने सोडवायला गेलो आणि पाना निसटू नये म्हणून प्लास्टरचा टेकू दिला. रात्रभर झोप नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले, “मी बोटं हलवायला सांगितलं होतं, नट नाही.” तारा सरकल्या नव्हत्या, हे माझं नशीब. मनगटातून बाहेर आलेल्या तारांच्या उघड्या टोकांजवळ ग्रीस आणि रॉकेल नेणं हा आणखी मोठा गाढवपणा होता, ते मला नंतर उमगलं.

मग डाव्या हाताने काय करायचं? पहिले पंधरा दिवस मी काहीच केलं नाही आणि ते दिवस फार वाईट गेले. पायजम्याची नाडी बायकोने बांधायची, पंगतीत डाव्या हाताने जेवायची लाज, फळ्यावर डाव्या हाताने काढलेला ‘क’ पाहून पोरं हसायची. संध्याकाळी गोठ्यात जायचो, जीपकडे पाहायचो, परत यायचो. शेजारचा म्हणायचा, “काहून जीव जाळून राहिले सर, इकून टाका न ते डबडं.” तिसऱ्या आठवड्याच्या त्या फजितीनंतर मी एक वही घेतली. खोललेला प्रत्येक नट-बोल्ट कुठला, किती सुताचा (म्हणजे किती मापाचा), आटे शाबूत की गेलेले, डाव्या हाताने लिहून डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. हे काम मी तीन वर्षं टाळत होतो. आज जीपमधला कुठला बोल्ट कुठे आहे हे मला अंधारात सांगता येतं, आणि ते धडधाकट हाताने कधीच झालं नसतं.

मोडलेला हात पाना धरत नाही, हा तिसरा दावा दोन वाक्यांत संपतो. प्लास्टर निघालं तेव्हा मला चहाचा कप धरवत नव्हता. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड बांधली, दिवाळीत कार्बोरेटरचे जेट काढून साफ केले, आणि आता 19 चा रिंगपाना चालतो, फक्त घट्ट बसलेल्या नटाला पाइप लावावा लागतो. व्यायामातला एक तर आपल्या गोठ्यातलाच निघाला : हातोडीचा दांडा धरून कोपर अंगाशी ठेवायचा आणि हातोडी सावकाश डावीकडे, उजवीकडे झुकवायची. जड वाटली तर दांडा हातोडीच्या डोक्याजवळ धरायचा. आणि बिडी ओढणाऱ्यांनी निदान ते महिने सोडावी, तंबाखूने हाड जुळायला उशीर लागतो.

चौथा दावा गाडीचा. उभी गाडी सडते, हे खरं. पण ती तयारी न करता उभी केली म्हणून सडते. माझा पुतण्या आयटीआयला मोटर मेकॅनिक शिकतो. मी खुर्चीवर बसून सांगायचो, तो करायचा. आधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या जुन्या पंपाचा रबरी पडदाही त्याने खराब होतो. मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल, आणि दर रविवारी प्लग बाहेर ठेवूनच हॅन्डलने इंजिनाचे चार-पाच फेरे. प्लग नसले की झटका बसत नाही. चेसीसखाली लाकडी ठोकळे, चाकं अधांतरी. क्लचचं पेडल फळी अडकवून दाबलेलं, नाहीतर पावसाळ्यात क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटते. बॅटरी काढून घरात, महिन्याला एकदा चार्जिंग. एक गोष्ट राहून गेली. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं हे माहीत असूनही मी बदलायला लावलं नाही, आणि मागच्या चाकांच्या ब्रेकचे दोन्ही व्हील सिलिंडर जाम झाले. तेवढा खर्च आला. जीप भंगारात देण्याएवढा नाही.

राहिला 15 वर्षांचा बागुलबुवा. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पण ती पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून घेता येते. आरटीओत गाडी दाखवायची, फी भरायची. 15 वर्षं झाली की नोंदणी आपोआप रद्द, हा नियम 1 एप्रिल 2023 पासून आहे तो सरकारी मालकीच्या गाड्यांना. डिझेलला 10 आणि पेट्रोलला 15 वर्षं ही बंदी दिल्ली परिसरातली. मेसेज लिहिणाऱ्याने तिन्ही एकत्र कालवले. उलट 50 वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी केंद्राने 2021 मध्ये व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणली, क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं असलेली. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आणि गाडी रोज वापरता येत नाही, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. पण सरकार जुन्या गाड्या गावोगाव उचलत फिरतं, हे खोटं आहे. हा मुद्दा सगळ्यांत जास्त उत्साहाने पुढे पाठवणाऱ्यांत एकाचं भंगाराचं दुकान आहे, एवढंच सांगतो.

आणि शेवटचं, देवाचा इशारा. आदल्या रात्री मी स्वतः डेल्को, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग, खोलून त्यातले पॉइंट बदलले होते आणि बसवताना ठिणगीचं टायमिंग फार पुढे गेलं होतं. पिस्टन वर पोचायच्या कितीतरी आधी ठिणगी पडली, तर इंजिन उलटंच फिरणार. त्यात मी हॅन्डल वरून खाली दाबलं, अंगठा दांड्याभोवती गुंडाळून. दोन्ही चुका जुन्या ड्रायव्हरांना ठाऊक होत्या : हॅन्डल खालून वर ओढायचं आणि अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे झटका आला तर हात आपोआप सुटतो. मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. आमच्या वडिलांनी सांगितलं होतं.

आता हॅन्डल पुतण्या मारतो. मी बाजूला उभा राहून इंजिनाकडे नाही, त्याच्या अंगठ्याकडे पाहत असतो.