घंटा आपल्या, मग मनोरा परका कसा?

वसई किल्ल्यातल्या सेंट जोसेफ चर्चचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, पोर्तुगीजांचं आहे ते, पडतंय तर पडू दे. मला हे अजिबात पटत नाही.

दारावर दगडात कोरलेला लेख आहे, १६०१ साली आर्चबिशप मेनेझिस यांच्या काळात चर्च नव्याने बांधलं असं सांगणारा. मूळ चर्च त्याआधीचं, १५४६ च्या सुमाराचं. सगळे कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं चर्च म्हणतात, पण तेव्हा वसईला बिशप नव्हता, कारभार गोव्याहून चालायचा, म्हणजे हे शहराचं मुख्य चर्च. (वसई धर्मप्रांत, म्हणजे बिशपचा स्वतंत्र विभाग, झाला १९९८ ला, त्याचं कॅथेड्रल पापडीला.)

१७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई जिंकली याचा मला अभिमान आहे, पोर्तुगीजांनी देवळं पाडली, बळजबरी केली, ते कोण नाकारतंय? पण जिंकल्यावर मराठ्यांनी काय केलं ते बघा ना, इथल्या चर्चच्या घंटा नेल्या आणि देवाला वाहिल्या! मेणवलीच्या घाटावरची १७०७ ची, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, भीमाशंकरची, आणि नाशिकची १७२१ ची, नारोशंकराची घंटा म्हणून अख्ख्या महाराष्ट्राला माहीत असलेली. पोरांना कडेवर घेऊन दाखवतात लोक. परकी आहे, वितळवून टाका असं कुणी म्हणत नाही, म्हणूही नये. मग ज्या मुलखातून त्या घंटा आल्या तिथला या चर्चचा मनोराच तेवढा परका?

आणि पोर्तुगीज गेले तरी इथली माणसं कुठे गेली? संत गोन्सालो गार्सिया वसईचा, आई इथलीच, १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेला, १८६२ ला संत झाला. किल्ल्यातल्या त्याच्या चर्चमध्ये अजून सण होतो, मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, मराठीत. आमचे सामवेदी, वाडवळ ख्रिस्ती शेजारी घरात आपापली बोली बोलतात, सुवार्ता मासिक मराठीत काढतात, त्यांना परकं म्हणणार का तुम्ही?

प्री-वेडिंग शूट करा, माझी काही हरकत नाही, पण भिंतीवर बदाम कोरून नावं लिहिणाऱ्यांना जागेवर दंड झाला पाहिजे आणि सेंट जोसेफच्या त्या दाराशी एक धड मराठी फलक हवा, लेखाचा पूर्ण अर्थ देणारा, त्यात चिमाजी आप्पाही हवेत आणि गोन्सालोही. शाळेच्या सहली इथे येतात, मास्तर तटबंदी दाखवतात आणि चर्चच्या बाजूने सरळ पुढे निघून जातात. वसईतल्या शिक्षकांनो, पुढच्या सहलीला मुलांना दहा मिनिटं तरी आत न्या प्लीज.